इन्फ्लेटेबल कयाकचा पंप: निवडायचा कसा आणि हवा कुठल्या क्रमाने भरायची

इन्फ्लेटेबल कयाकमध्ये, म्हणजे हवा भरून फुगवायच्या वल्ह्याच्या छोट्या होडीत, सगळ्यात जास्त घोळ होतो तो हवा भरताना, आणि तेच तेच घोळ होतात. तळ मऊच राहतो, नळी काढली की फुस्सकन सगळी हवा बाहेर येते, गेजचा, म्हणजे दाब मोजायच्या यंत्राचा काटा हलत नाही म्हणून माणूस पंप मारतच बसतो आणि शेवटी बाजूच्या ट्यूबची सीम म्हणजे जोड सुटते. बऱ्याचदा पंप खराब नसतोच, तो त्या कयाकला साजेसा नसतो किंवा मग क्रम चुकलेला असतो. म्हणून पंपाच्या जाहिराती बघण्याआधी आपली कयाक नीट बघा, तिच्या कुठल्या चेंबरला (हवेच्या कप्प्याला) किती दाब चालतो आणि व्हॉल्व्ह कुठला आहे हे आधी लिहून काढा, कारण पंप ठरतो तो या दोन गोष्टींवरून.

## टप्पा १: प्रत्येक चेंबरचा दाब शोधा

कयाक पूर्ण पसरा आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या आसपास काय छापलंय ते वाचा. बहुतेक कयाकवर जास्तीत जास्त दाब तिथेच छापलेला असतो, नसला तर मॅन्युअलमध्ये असतो. आकडा कधी पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला किती पौंड) असतो, कधी बारमध्ये, कधी मिलिबारमध्ये, आणि इथेच गडबड होते. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, म्हणजेच १००० मिलिबार. तर कयाकवर ०.२ बार लिहिलं असेल तर ते जवळपास ३ पीएसआय झालं, आणि २ बार समजून भरलं तर दहापट दाब झाला.

साधारण अंदाज असा: पातळ व्हायनिलच्या साध्या कयाकना १ पीएसआयच्या आसपास लागतो, जाड पीव्हीसीच्या किंवा कापडी आवरणाच्या गोल ट्यूबवाल्यांना २ ते ३.५, आणि ड्रॉप-स्टिच तळाला ६ ते १० किंवा थोडा जास्तच. ड्रॉप-स्टिच म्हणजे वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी आतून एकमेकांना जोडलेला असतो, त्यामुळे जास्त दाबाला सुद्धा तो फळीसारखा सपाट राहतो. गोल ट्यूबमध्ये असे धागे नसतात, सगळा ताण कापडावर आणि सीमवर येतो. हा फक्त अंदाज आहे हां, भरताना तुमच्या कयाकवर छापलेलाच आकडा धरायचा.

आता मुद्दा असा की आजकाल खूप कयाक मिश्र असतात, तळ ड्रॉप-स्टिच आणि बाजू गोल ट्यूब, आणि दोन्हीकडे व्हॉल्व्ह मात्र दिसायला सारखाच. लोक तळ ८ ला भरतात आणि त्याच झोकात नळी बाजूच्या ट्यूबला लावून तिथेही ८ च्या दिशेने निघतात. कयाक कायमची खराब होण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. एक पर्मनंट मार्कर घ्या आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेजारी त्या चेंबरचा दाब मोठ्या अक्षरात लिहून टाका. कयाक दुसऱ्या कोणाला वापरायला देणार असाल तर हे नक्कीच करा.

इथे तपासा: तुमच्याकडे आता एक छोटी यादी हवी. चेंबर कुठला, दाब किती, एकक कुठलं. सीटला वेगळी हवा भरत असाल तर तीही यात आली.

## टप्पा २: व्हॉल्व्ह ओळखा

चार प्रकार सारखे भेटतात.

बॉस्टन व्हॉल्व्ह. स्वस्त आणि मध्यम कयाकवर हाच जास्त असतो. याला दोन मजले असतात. सगळ्यात वरचं झाकण उघडलं की आत एक झडप दिसते जी हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. खालचा मोठा आट्यांचा भाग उघडला की पूर्ण तोंड मोकळं होतं, ते फक्त हवा काढायला. लोक खालचा भाग उघडून त्यातून हवा भरतात आणि मग नळी काढली की हवा गेली, आणि दोष पंपाला. भरताना खालचा भाग घट्ट बंद, वरचं झाकण उघडं. आणि भरून झालं की वरचं झाकण लावायचंच, कारण झडप तात्पुरती हवा धरते, खरं सील त्या झाकणाचं असतं.

हॅल्की-रॉबर्ट्स व्हॉल्व्ह. ड्रॉप-स्टिचवर आणि चांगल्या ट्यूबवर हा असतो. मधोमध स्प्रिंगवाली एक पिन असते. पिन वर असेल तर हवा फक्त आत जाते, पिन दाबून खाली अडकवली असेल तर हवा दोन्हीकडे जाते. भरायच्या आधी पिन वर आहे का बघा, बोटाने हलकं दाबून सोडा, परत वर आली पाहिजे. काही व्हॉल्व्हमध्ये दाबून थोडं फिरवावं लागतं. बोट लावायच्या आधी बाजूची वाळू पुसून घ्या, एक कण जरी व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

साधा प्लग व्हॉल्व्ह. सीटवर आणि स्वस्त कयाकच्या तळाला असतो, बीचबॉलवर असतो तसाच. यातून हवा भरताना नळीचं टोक नेहमी थोडं गळतं, तळाशी चिमटीत धरून ठेवलं की कमी गळतं. दाब इथे फार लागतच नाही.

मिलिटरी व्हॉल्व्ह. राफ्टवर आणि जुन्या मजबूत कयाकवर दिसतो, फिरवून उघडबंद होतो. याला वेगळा अडॅप्टर, म्हणजे नळी व्हॉल्व्हला जोडणारं टोक लागतं, ते पंपाच्या पिशवीत येईलच असं धरून चालू नका.

सावधान: पंप घेताना "सगळ्या व्हॉल्व्हना चालतो" एवढ्या वाक्यावर जाऊ नका. तुमच्या व्हॉल्व्हचा अडॅप्टर सोबत आहे का ते नावानिशी विचारा. हॅल्की-रॉबर्ट्सचा अडॅप्टर आत घालून फिरवला की लॉक होतो, बॉस्टनचा फक्त घट्ट बसवायचा असतो. चुकीचा अडॅप्टर कापडाने गुंडाळून वगैरे चालवला तर कमी दाबाला जमतं, ३ च्या वर तो उडून बाहेर येतो.

## टप्पा ३: आता पंप निवडा

पंपाचं सगळं गणित दट्ट्याच्या जाडीत आहे. जाड दट्ट्या एका झटक्यात खूप हवा ढकलतो पण दाब वाढला की तो खाली जातच नाही. बारीक दट्ट्या हवा थोडी ढकलतो पण जास्त दाबापर्यंत पोचतो. आकडे बघितले की पटेल: १० सेंमी व्यासाच्या दट्ट्यावर १० पीएसआयला जवळपास ५५ किलोचा जोर द्यावा लागतो, आणि ५ सेंमी व्यासाचा असेल तर १४ किलोच्या आसपास. तोच १० सेंमीचा दट्ट्या ३ पीएसआयला १६-१७ किलोत खाली जातो. म्हणजे गोल ट्यूबवाल्या कयाकला जाड पंप उत्तम, आणि ड्रॉप-स्टिच तळ असेल तर जाड पंपावर तुम्ही अंगाचा सगळा भार टाकाल आणि ८ सुद्धा गाठताना दमछाक होईल.

दुसरी बाजू पण बघा. २५ सेंमी व्यासाच्या, ३ मीटर लांब ट्यूबमध्ये साधारण १४७ लिटर हवा मावते. जाड पंप एका फेरीत साडेतीन लिटरच्या आसपास ढकलत असेल तर ती ट्यूब ४०-५० झटक्यांत होते. सायकलचा पंप एका झटक्यात पाव लिटरच्या आसपास देतो, तर पाचशेच्या वर झटके, तेही एकाच ट्यूबला, आणि सायकलच्या पंपाचं टोक इथे बसतही नाही. म्हणून तो विचार सोडून द्या.

कयाकप्रमाणे सांगायचं तर:

- फक्त कमी दाबाची व्हायनिल कयाक: पायाचा भाता-पंप किंवा साधा हाताचा पंप पुरतो. दोन्ही दिशांना हवा ढकलणारा, म्हणजे डबल-ॲक्शन घेतला तर वेळ जवळपास निम्मा.
- २ ते ३.५ ची ट्यूब कयाक: उभा, पाय ठेवायला पट्ट्या असलेला डबल-ॲक्शन पंप. पायाचा भाता इथे शेवटी शेवटी दम तोडतो.
- ड्रॉप-स्टिच तळ किंवा पूर्ण ड्रॉप-स्टिच: डबल-ॲक्शनवरून सिंगल-ॲक्शनवर बदलता येणारा बारीक दट्ट्याचा उभा पंप, किंवा उभं राहून वल्हवायच्या बोर्डसाठी जो दोन टप्प्यांचा इलेक्ट्रिक पंप येतो तो.

इलेक्ट्रिक पंपांमध्ये दोन पूर्ण वेगळ्या जाती आहेत आणि दुकानात त्या शेजारी शेजारी असतात. गादी फुगवायचा छोटा ब्लोअर असतो तो भराभर हवा भरतो पण साधारण १ पीएसआयच्या आसपास किंवा त्याच्याही आधी थांबतो. ट्यूबचा आकार यायला तो मस्त आहे, पुढचं काम हाताच्या पंपाने करायचं. दोन टप्प्यांचा जो असतो त्यावर दाब सेट करता येतो, तो आधी भरभर भरतो, मग आवाज बदलतो आणि हळूहळू दाब चढवतो. मला विचाराल तर इलेक्ट्रिक घेतला तरी हाताचा पंप सोबत पाहिजेच. पाण्यावरून मधेच किनाऱ्याला लागून हवा भरायची वेळ आली तर गाडी जवळ नसते.

सावधान: टायरचा कंप्रेसर वापरू नका. तो कमी हवा आणि प्रचंड दाब देण्यासाठी असतो, टायरला ३० पीएसआयच्या वर लागतात आणि त्याचा गेज २-३ पीएसआय नीट दाखवतच नाही. कळायच्या आत सीम जाते.

गेजचंही इथेच बघून घ्या. पंपावरचा गेज ० ते १५ किंवा २० असतो, त्यात पहिले तीन पीएसआय एवढ्याशा जागेत कोंबलेले असतात. तुमची कयाक ३ च्या आतली असेल तर ० ते ५ च्या आसपासचा वेगळा गेज घ्या, आणि तो ड्रॉप-स्टिच तळाला चुकूनही लावू नका, बिघडेल.

## टप्पा ४: पाण्यावर नेण्याआधी एकदा कोरड्यात भरून बघा

हे लोक टाळतात आणि मग किनाऱ्यावर अडॅप्टर शोधत बसतात. सावलीत, सपाट जागी कयाक पूर्ण दाबाला भरा, रात्रभर ठेवा. सकाळी थोडी मऊ झाली असेल तर घाबरू नका, रात्रीचा गारवा दाब कमी करतो, दिवस तापल्यावर परत मोजा. पण एकच चेंबर बाकीच्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि सीमवर लावा, बुडबुडे येतील तिथे लीक. बऱ्याचदा व्हॉल्व्हची बैठकच सैल झालेली असते, हॅल्की-रॉबर्ट्ससाठी दुरुस्तीच्या किटमध्ये पाना येतो त्याने थोडी हवा काढून घट्ट करता येते.

इथे तपासा: अडॅप्टरच्या आत रबरी वायसर आहे का? तो छोटा वायसर हरवला की पंप जोरात चालतो, सगळीकडून सूंऽऽ आवाज येतो आणि दाब चढतच नाही. एक-दोन जादा वायसर पंपाच्या पिशवीत टाकून ठेवा.

## टप्पा ५: जागा आणि मांडणी

पाण्याजवळ खडे, काटे, शिंपले नसलेली जागा बघा, एखादं कापड अंथरा. कयाक पूर्ण उलगडून सरळ करा, घडी पडलेली असेल तिथे हवा अडते आणि मग एक भाग टणक दुसरा रिकामा असं होतं. पंप वाळूत थेट ठेवू नका, तो खालून हवा ओढतो आणि सोबत वाळू दट्ट्यात जाते, तिथून व्हॉल्व्हमध्ये. तळाचा भाग सुटा असेल तर तो आत्ताच आत सरकवा, सपाट करा, त्याचा व्हॉल्व्ह बाहेरून हाताला लागेल असा ठेवा. मागे पाण्यात दिशा धरणारा पंखा म्हणजे फिन लावायचा असेल आणि तो खाचेत सरकवायचा प्रकार असेल तर बऱ्याच कयाकमध्ये तो तळ मऊ असतानाच सहज जातो.

## टप्पा ६: हवा भरायचा क्रम

मॅन्युअलमध्ये क्रम दिला असेल तर तोच पाळा, काही कयाकवर व्हॉल्व्हवर आकडेच छापलेले असतात. काही कयाकचा तळ आधी असतो, काहींच्या बाजू आधी. क्रम हरवला असेल तर असं करा:

१. सगळे व्हॉल्व्ह भरायच्या स्थितीत आहेत का एक फेरी मारून बघा. पिन वर, बॉस्टनचा खालचा भाग बंद.

२. तळात थोडी हवा भरा, फक्त घड्या जाईपर्यंत.

३. दोन्ही बाजू आलटून पालटून, अंदाजे अर्ध्यापर्यंत. एक बाजू एकदम टणक करू नका, कयाक तिरकी ताणली जाते, आणि दोन चेंबरच्या मधे पडदा असेल तर रिकाम्या बाजूकडे त्याच्यावर सगळा ताण येतो.

४. आता थांबा. तळ मधोमध आहे का, सीटचे पट्टे वळलेले नाहीत ना, आवरणाची चेन कुठे अडकली नाही ना, हे सगळं आत्ता सरळ होतं, टणक झाल्यावर हलत नाही.

५. बाजू पूर्ण दाबाला भरा.

६. तळ पूर्ण दाबाला, शेवटी सीट.

७. सगळी झाकणं घट्ट.

इथे तपासा: हात लावून बघू नका फक्त, गेज लावा. १ पीएसआयची व्हायनिल ट्यूब अंगठ्याने दाबली तर थोडी दबतेच, ती तशीच बरोबर आहे. आणि सीमजवळच्या बारीक सुरकुत्या जाईपर्यंत भरत राहायचं नसतं, काही कयाकच्या त्या सुरकुत्या पूर्ण दाबाला सुद्धा राहतात.

## टप्पा ७: हाताने मारत असाल तर

दोन्ही पाय पट्ट्यांवर, पाठ सरळ, हात जवळपास ताठ, आणि खाली जाताना गुडघ्यातून वाकून अंगाचा भार टाका. नुसत्या दंडांनी मारलं की पाच मिनिटांत खांदे भरून येतात. डबल-ॲक्शनवर सुरुवात करा, वर ओढणं जड व्हायला लागलं की लगेच सिंगलवर घ्या, म्हणजे वर ओढताना फुकट, खाली ढकलताना हवा. हे बटण किंवा छोटं बूच कुठे आहे ते आधी शोधून ठेवा, कारण कित्येक लोकांना आपल्या पंपाला हे आहे हेच माहीत नसतं आणि ते शेवटचे तीन पीएसआय जिवावर उदार होऊन मारतात.

झटका पूर्ण मारा, वरपासून खालपर्यंत. अर्धे झटके मारले तर दाब चढल्यावर हवा आत जातच नाही, दट्ट्यात नुसती दबते आणि परत फुगते.

काट्याबद्दल: सुरुवातीला बराच वेळ तो शून्यावर असतो आणि ते बरोबर आहे, जोवर ट्यूबचा पूर्ण आकार येत नाही तोवर दाब तयारच होत नाही. आकार आला की तो पटापट चढतो, म्हणून तिथून पुढे दर चार-पाच झटक्यांनी बघा. आणि पंपावरचा गेज नळीतला दाब दाखवतो. झटका मारताना काटा वर उडतो, थांबलं की खाली येतो, बॉस्टन व्हॉल्व्हवर तर तो बऱ्याचदा पार खाली येतो कारण झडप मधे बंद होते. वर उडालेला आकडा खरा धरू नका. शंका असेल तर वेगळ्या गेजने मोजा.

## टप्पा ८: इलेक्ट्रिकने भरत असाल तर

चालू करायच्या आधी स्क्रीनवरचा आकडा आणि त्याचं एकक बघा, दर वेळी, दर चेंबरला. हे पंप आधीचा आकडा लक्षात ठेवतात आणि कोणी त्यावर बोर्ड १५ ला भरला असेल तर तुमची ३ ची ट्यूब तो १५ कडेच नेईल. अशा वेळी ट्यूब फाटेपर्यंत पंप स्वतःहून थांबणार नाही.

गाडीच्या सॉकेटवर चालवत असाल तर पंपाला किती अँपिअर लागतात आणि सॉकेटचा फ्यूज किती आहे ते बघून घ्या, बऱ्याच गाड्यांमध्ये १० किंवा १५ चा असतो आणि दाब चढला की पंप जास्त करंट ओढतो. इंजिन चालू ठेवणार असाल तर मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. बरेच पंप सलग २० मिनिटांच्या आसपासच चालवायचे असतात, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढं झालं की गार होऊ द्या. आकडा सेट करताना छापलेल्यापेक्षा थोडा कमीच ठेवा आणि शेवटचं हाताने गेज बघत भरा, मला तरी हीच पद्धत सुरक्षित वाटते.

## टप्पा ९: ऊन, पाणी आणि घाट

भरून झाली म्हणून कयाक उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका. ३ पीएसआयला २५ अंशात भरलेली ट्यूब ४५ अंशाला तापली तर दाब ४ च्या पुढे जातो, कापड थोडं ताणलं जातं म्हणून थोडाफार फरक पडेल, पण एवढ्या कमी दाबाच्या ट्यूबला १ पीएसआय म्हणजे तिसरा हिस्सा जास्त झाला. गडद रंगाची कयाक आणखी तापते. ठेवावीच लागली तर प्रत्येक चेंबरमधून थोडी हवा सोडा, झाकण उघडून पिन क्षणभर दाबली की झालं.

उलटं पाण्यात होतं. ३५ अंशाच्या हवेत ३ ला भरली आणि २२ अंशाच्या पाण्यात सोडली तर आतली हवा गार होईल तसा दाब सव्वादोनपर्यंत उतरू शकतो. लोकांना वाटतं लीक आहे. दहाएक मिनिटं पाण्यात राहू द्या, किनाऱ्याला लावा, परत मोजा, आणि थोडी भरा. आता बाहेर काढली की मात्र ती परत तापणार, तेव्हा काढल्या काढल्या थोडी सोडायची.

टपावर बांधून उंचावर नेत असाल तर तेच: समुद्रसपाटीला भरून १५०० मीटरवर नेली तर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि कयाकमधला जवळपास २.४ पीएसआयने वाढल्यासारखा होतो. अर्धी भरून न्या, वर गेल्यावर पूर्ण करा.

इथे तपासा: पाण्यात ढकलायच्या आधी सगळ्या झाकणांवर परत एकदा हात फिरवा, सीटखालचं विसरतं.

## टप्पा १०: हवा काढणं आणि पंप ठेवणं

व्हॉल्व्ह उघडायच्या आधी भोवतालची वाळू आणि पाणी पुसा. ड्रॉप-स्टिच तळाची पिन एकदम खाली अडकवू नका, ८-१० च्या दाबाने हवा जोरात येते, सोबत कचरा डोळ्यात जातो, चेहरा बाजूला ठेवून हळूहळू दाबा. बहुतेक हवा गेली की नळी पंपाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला लावा आणि उरलेली ओढून घ्या, हॅल्की-रॉबर्ट्स असेल तर पिन खाली ठेवून. त्याशिवाय कयाक पिशवीत परत जात नाही.

पंप समुद्रावर वापरला असेल तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दांडा पुसा, वाळवा. दांडा घासायला लागला तर सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब, गाडीचं तेल किंवा साधं ग्रीस नको, त्याने रबरी वायसर फुगतात. इलेक्ट्रिक पंप ओल्या कयाकसोबत एकाच पिशवीत बांधू नका. आणि अडॅप्टर नळीलाच लावून ठेवा किंवा दोरीने बांधून ठेवा, सुटे ठेवलेले अडॅप्टर किनाऱ्यावर राहून जातात.